बेरीज शंभराच्या पुढे जाऊ द्या

मनमाडमधल्या एखाद्या घरात पाणी कुठून येते, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. घरात नगरपरिषदेचा नळ असतो. त्या नळाचे पाणी वागदर्डी धरणातले, आणि वागदर्डीची भिस्त पालखेड डाव्या कालव्याच्या आवर्तनावर. आवर्तन लांबले की नळाचा दिवसही लांबतो. उन्हाळ्यात दोन पाण्यांमधले अंतर पंधरवड्यावर जाते, टंचाईच्या वर्षी त्याच्याही पुढे. मधल्या दिवसांत ड्रम आणि टाक्या पुरल्या नाहीत तर टँकर मागवावा लागतो, धुण्याभांड्याला बोअरचे पाणी चालवून घ्यावे लागते आणि पिण्यासाठी जार विकत घ्यावा लागतो. एका घराची ही चार उत्तरे आहेत आणि चारही खरी आहेत.

2011 च्या जनगणनेत घरयादी करताना मात्र पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत एकच नोंदवायचा होता. एकाहून अधिक स्रोत असतील तर वर्षाचा जास्त काळ जो वापरला जातो तो लिहायचा, अशी प्रगणकांना सूचना होती. राष्ट्रीय पातळीवर, कोट्यवधी घरांची तुलना करायची असताना, या नियमामागे कारण आहे. पण या नियमाने मनमाडचे घर 'नळ' या रकान्यात जाऊन बसते. टँकरचा खर्च, जारचा खर्च आणि पाणी येण्याच्या रात्रीचे जागरण यांपैकी काहीही त्या तक्त्यात उरत नाही. ज्या गावाचे नाव पाणीटंचाईच्या बातम्यांत वर्षानुवर्षे येते, ते गाव कागदावर नळाचे गाव ठरते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे: माणसांची उत्तरे अनेक असतील तिथे ती अनेकच विचारावीत, अनेकच मोजावीत, आणि कोणता आकडा कशाने भागला ते प्रत्येक तक्त्यावर लिहावे. हे संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यापुरते बारकाव्याचे काम नाही. टँकर कुठे जाणार, जलवाहिनी कोणत्या प्रभागात आधी पोहोचणार, कोणाला गरजू म्हणायचे, हे अशा तक्त्यांवरून ठरते. मोजण्याची चूक शेवटी कोणाच्या तरी हंड्यात उतरते.

दोनशे दहा टक्के

सर्वेक्षणाच्या अहवालात टक्क्यांची बेरीज शंभराच्या पुढे गेली की अनेकांना चूक झाल्यासारखे वाटते. शाळेपासून आपल्याला शिकवलेले असते की वाटे मिळून शंभर व्हायला हवेत. ते खरे आहे, पण प्रत्येकाला एकाच वाट्यात बसवलेले असेल तेव्हा.

त्याच 2011 च्या जनगणनेतला दुसरा तक्ता पाहा. घरात कोणत्या वस्तू आहेत, हे तिथे प्रत्येक वस्तूसाठी वेगळे विचारले होते. देशभरातल्या कुटुंबांपैकी रेडिओ 19.9 टक्क्यांकडे, दूरचित्रवाणी संच 47.2 टक्क्यांकडे, संगणक 9.5, फोन 63.2, सायकल 44.8, दुचाकी 21.0 आणि मोटार 4.7 टक्क्यांकडे होती. या सगळ्याची बेरीज 210.3 येते. यात चूक काहीच नाही. उलट ही बेरीजच एक माहिती देते: या सात प्रकारांपैकी सरासरी 2.1 प्रकारच्या वस्तू एका कुटुंबाकडे होत्या.

आता कोणी ही बेरीज 'दुरुस्त' करायला निघाला आणि प्रत्येक आकड्याला 210.3 ने भागून शंभर टक्के जुळवू लागला, तर दूरचित्रवाणीचा आकडा 47 वरून 22 वर येतो. देशातल्या जवळजवळ निम्म्या घरांत असलेली वस्तू एक-पंचमांशाच्या आसपास दिसू लागते. 22 हा आकडाही खोटा नाही. नोंदवलेल्या एकूण उत्तरांमध्ये दूरचित्रवाणीचा वाटा तेवढाच आहे. पण घरे किती, असे कोणी विचारले आणि उत्तरांचा वाटा सांगितला, तर ते उत्तर खोटे ठरते.

त्याच तक्त्यात फोनची फोड फार शहाणपणाने केली आहे. फक्त लँडलाइन 4.0 टक्के, फक्त मोबाइल 53.2 टक्के, दोन्ही 6.0 टक्के. तिन्ही मिळून 63.2. हे केले नसते तर लँडलाइन असणारे 10.0 आणि मोबाइल असणारे 59.2 अशी बेरीज करून फोनवाली घरे 69.2 टक्के आहेत असे कोणीही म्हटले असते. दोन्ही असणारी सहा टक्के घरे दोनदा मोजली गेली असती. एका छोट्या रकान्याने ती चूक टळली.

दोनशे घरांचे गणित

आता हे मनमाडला लावून पाहू. आकडे मी हिशोबाच्या सोयीसाठी धरले आहेत. समजा, एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी दोनशे घरांत जाऊन विचारले, 'उन्हाळ्यात तुम्ही पाणी कुठून घेता? लागू असेल त्या प्रत्येक पर्यायावर खूण करा.' पर्याय चार: नळ, टँकर, बोअर, जार. नळावर 144 खुणा पडल्या, टँकरवर 90, बोअरवर 45, जारवर 81. एकूण खुणा 360. वीस घरांनी एकाही पर्यायावर खूण केली नाही.

टँकर किती टक्के घरांना लागतो? 90 ला 360 ने भागले तर 25 टक्के. ज्यांनी निदान एक खूण केली अशा 180 घरांनी भागले तर 50 टक्के. भेट दिलेल्या सगळ्या 200 घरांनी भागले तर 45 टक्के. तीन उत्तरे आणि तिन्हीत भागाकार बरोबर. पण एका अहवालात 'फक्त पंचवीस टक्के टँकरवर' असे छापून येईल आणि दुसऱ्यात 'निम्मे शहर टँकरवर'. दोघांनी तेच फॉर्म भरून घेतले असतील, आणि छेद काय होता हे दोघांपैकी कोणीच सांगितलेले नसेल.

या हिशोबात मला सर्वांत महत्त्वाची वाटतात ती एकही खूण न केलेली वीस घरे. ती कोणाची असतील? शेजाऱ्याच्या नळावरून हंडे भरणारी, कामाच्या ठिकाणाहून कॅन घेऊन येणारी, पर्यायांच्या यादीत ज्यांची सोय बसलीच नाही अशी. कदाचित विद्यार्थी तो प्रश्न विचारायचा विसरलाही असेल. रिकाम्या चौकटीवरून यातले काहीच कळत नाही.

पडद्यामागे छेद कोण निवडते?

अशी उत्तरे मोजण्यासाठी एसपीएसएस हे सॉफ्टवेअर आपल्या विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत अनेक वर्षे वापरात आहे. 1968 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात नॉर्मन नाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते समाजशास्त्रज्ञांसाठी तयार केले, 2009 पासून ते आयबीएमकडे आहे. त्यात 'मल्टिपल रिस्पॉन्स' असा स्वतंत्र विभाग आहे. नळ, टँकर, बोअर आणि जार हे चार रकाने एका संचात बांधायचे, 'होय'साठी कोणता अंक मोजायचा ते सांगायचे, की तक्ता तयार. त्या तक्त्यात प्रत्येक पर्यायापुढे दोन टक्केवाऱ्या शेजारी शेजारी येतात: एक एकूण उत्तरांतला वाटा आणि दुसरी घरांतला वाटा. सॉफ्टवेअरने दोन्ही दिलेल्या असतात. अहवाल लिहिणारा त्यातली एक उचलतो, आणि बेरीज शंभर येते म्हणून बहुतेकदा पहिली उचलतो.

दुसरी गोष्ट याहून कमी लोकांना ठाऊक असते. संचातल्या एकाही रकान्यात 'होय' नसेल तर हे सॉफ्टवेअर ते घर 'माहिती नाही' असे समजून छेदातून वगळते. म्हणजे वर धरलेल्या उदाहरणात 'घरांतला वाटा' म्हणून येणारी टक्केवारी 200 घरांची नसून 180 घरांची असते. ज्यांच्याकडे यादीतले काहीच नाही, ती घरे तक्त्यातून निघून जातात आणि शहराची स्थिती आहे त्यापेक्षा बरी दिसते. नळ 72 टक्क्यांऐवजी 80 टक्के घरांत असल्याचे दिसेल. तक्त्याबरोबर वगळलेल्या घरांची संख्या दिलेली असते, पण ती अहवालापर्यंत क्वचितच पोहोचते.

यावर उपाय साधा आहे आणि जनगणनेने तो केलेला आहे. वस्तूंच्या तक्त्यात 'यांपैकी एकही वस्तू नाही' असा वेगळा रकाना होता. म्हणूनच देशातल्या 17.8 टक्के कुटुंबांकडे त्या यादीतली एकही वस्तू नव्हती हे आपल्याला आज माहीत आहे. तो रकाना नसता तर ही कुटुंबे तक्त्यात दिसलीच नसती. 'काहीच नाही' हेही उत्तर आहे आणि त्यासाठी चौकट हवी, हा नियम प्रत्येक प्रश्नावलीत पाळला पाहिजे.

आता तर बहुतेक पाहण्या मोबाइलवर होतात. गूगल फॉर्म्समध्ये अनेक खुणांची सोय ठेवली की एका घराची सगळी उत्तरे स्वल्पविराम देऊन एकाच चौकटीत येतात: 'नळ, टँकर, जार'. एक्सेलमध्ये तिथे 'नळ' हा शब्द जसाच्या तसा मोजायला सांगितला, तर फक्त नळावरच भागवणारी घरे मोजली जातात. नळाबरोबर टँकर लिहिलेले घर सुटते. शब्द चौकटीत कुठेही आला तरी मोज असे सांगितले, तर 'सार्वजनिक नळ' लिहिलेले घरही घरच्या नळात धरले जाते. पर्यायाच्या नावातच स्वल्पविराम असेल, जसे 'विहीर, आड', तर तोडताना एका उत्तराची दोन होतात. कोबोटूलबॉक्ससारखी साधने प्रत्येक पर्यायाचा शून्य-एकचा वेगळा रकाना देतात, तो वापरावा. गूगल फॉर्म्सचा मजकूर असेल तर मोजण्याआधी स्वतः असे रकाने पाडून घ्यावेत. काम अर्ध्या तासाचे आहे आणि ते टाळण्याला कोणतेही कारण नाही.

पहिल्या रकान्यावर थांबण्याची किंमत

अनेक उत्तरे नोंदवण्याची दुसरी एक पद्धत आहे: पहिले उत्तर, दुसरे उत्तर, तिसरे उत्तर असे रकाने. 'तुमच्या प्रभागातल्या मुख्य अडचणी कोणत्या?' अशा मोकळ्या प्रश्नाला ती सोयीची पडते. यात होणारी नेहमीची चूक म्हणजे फक्त पहिला रकाना मोजून निष्कर्ष काढणे.

ही चूक केवढी मोठी ठरू शकते, हे भाषेच्या आकड्यांत दिसते. जनगणनेत मातृभाषा एक नोंदवली जाते आणि त्याखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारल्या जातात. 2011 मध्ये इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे भारतात सुमारे 2.6 लाख होते. दुसरी आणि तिसरी भाषा म्हणून इंग्रजी सांगणारे त्यात मिळवले की आकडा 13 कोटींच्या जवळ जातो. मराठी मातृभाषा सांगणारे 8.30 कोटी होते. दुसरी भाषा म्हणून ती सांगणारे आणखी सुमारे 1.3 कोटी आणि तिसरी म्हणून सुमारे 30 लाख. आपण मराठीची मोजदाद करताना बहुधा पहिल्या आकड्यावर थांबतो आणि जी माणसे मराठी शिकून, बोलून, तिच्यात व्यवहार करून राहतात त्यांना हिशोबाबाहेर ठेवतो. मनमाडसारख्या जंक्शनवर ही माणसे पावलोपावली भेटतात. रेल्वेच्या नोकरीमुळे, अन्न महामंडळाच्या गोदामांमुळे, पानेवाडीच्या इंधन डेपोंमुळे आणि गुरुद्वाऱ्यामुळे इथे अनेक भाषांची कुटुंबे आली आणि इथलीच झाली. एकभाषिक रकान्यात हे शहर मावत नाही.

जोड्यांमध्ये दडलेले उत्तर

पर्यायांची नुसती संख्या बरोबर मोजली तरी काम संपत नाही. वरच्या उदाहरणात खूण करणाऱ्या 180 घरांपैकी 144 घरांना नळ आहे, 36 घरांना नाही. टँकर 90 घरांना लागतो. ही 90 घरे कोणती? नळ नसलेली सगळी 36 घरे त्यात असतील, तर टँकर घेणाऱ्या नळवाल्या घरांची संख्या 54 होते. नळ नसलेले एकही घर त्यात नसेल, तर ती 90 होते. टक्केवारीचा तक्ता दोन्ही वेळी सारखाच दिसेल. पण पहिल्या स्थितीत 36 घरांना जलवाहिनीची जोडणीच हवी आहे. दुसऱ्या स्थितीत जोडणी असूनही नळ पुरत नाही, तिथे धरणात पाणी हवे आहे. एका ठिकाणी नळजोडणीचे काम निघते, तर दुसऱ्या ठिकाणी करंजवण धरणातून थेट जलवाहिनी आणण्याच्या योजनेसारखे काम. कोट्यवधी रुपयांचा निर्णय अशा जोड्यांच्या तक्त्यावर अवलंबून असतो आणि नेमका तोच तक्ता छापला जात नाही.

संशोधन करणाऱ्यांसाठी इथे आणखी एक इशारा आहे. प्रभागनिहाय तक्ता करून त्यावर नेहमीची काय-वर्ग चाचणी लावण्याची सवय आहे. कार्ल पिअर्सनच्या 1900 सालच्या या चाचणीत प्रत्येक घर तक्त्यात एकदाच आलेले असावे लागते. अनेक उत्तरांच्या तक्त्यात तेच घर दोन-तीनदा येते, त्यामुळे चाचणीचा निकाल भरवशाचा राहत नाही. प्रत्येक पर्याय वेगळा घेऊन होय-नाहीची तुलना करावी, आणि अनेक तुलना केल्या म्हणून निकषही कडक ठेवावा. याहून पुढे जायचे असेल तर जे. एन. के. राव आणि ॲलिस्टर स्कॉट यांनी 1980 च्या दशकात मांडलेल्या दुरुस्तीचा मार्ग आहे. प्रबंधाच्या शेवटी चाचणीचा आकडा हवा म्हणून चुकीची चाचणी लावण्यापेक्षा ती न लावलेली बरी.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

यावर आक्षेप घेता येतात आणि ते विचार करण्याजोगे आहेत. अनेक खुणांची मुभा दिली की लोक सरसकट खुणा करतात, असे म्हणतात. वर्षातून एकदा जार घेणारा आणि रोज जारवर जगणारा एका रकान्यात येतात, हेही खरे आहे. शिवाय धोरण आखणाऱ्याला प्राधान्य ठरवायचे असते. त्याला चार उत्तरांचा पसारा नको असतो, 'मुख्य' काय ते हवे असते.

पण या आक्षेपांचे उत्तर प्रश्न तोडून टाकण्यात नाही, तो दोन पायऱ्यांत विचारण्यात आहे. आधी सगळे स्रोत विचारावेत, मग त्यांतला मुख्य कोणता ते विचारावे आणि शक्य असेल तर महिन्यातून किती दिवस, तेही. आपल्या देशाने हे एकदा करून दाखवले आहे. बेकारीचा एकच आकडा काढण्याच्या पद्धतीवर एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1970 च्या अहवालात टीका केली. भारतासारख्या देशात एकच माणूस शेती, मजुरी आणि घरचा धंदा यांत विभागलेला असतो, त्याला एका खणात बसवता येत नाही, हे तिने ओळखले. त्यानंतर 1972-73 च्या सत्ताविसाव्या फेरीपासून राष्ट्रीय नमुना पाहणीने रोजगार वेगवेगळ्या निकषांनी मोजायला सुरुवात केली. आज त्या पाहण्यांत वर्षातला अधिक काळ जे काम केले ते मुख्य आणि निदान तीस दिवस जे केले ते दुय्यम, अशा दोन्ही नोंदी होतात. दुय्यम कामाची नोंद घेतल्यावर स्त्रियांच्या श्रमाचे प्रमाण वाढते. ते श्रम आधीही होतेच, रकाना नव्हता. रोजगाराच्या बाबतीत पन्नास वर्षांपूर्वी जे पटले ते पाण्याच्या बाबतीत, शहराच्या प्रभागात, अजून का पटू नये?

महाराष्ट्राला तर पाहण्यांची मोठी परंपरा आहे. 1930 मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली, तेव्हा सॉफ्टवेअर नव्हते. माणसे घरोघर जात आणि हाताने तक्ते करीत. आज तेच काम मोबाइलवर होते आणि तक्ता क्षणात येतो. 2027 ची जनगणनाही मोबाइलवरच होणार आहे. वेग वाढला तसा तक्ता वाचण्याचा धीरही वाढायला हवा होता.

चार अटी

म्हणून नगरपरिषदा, महाविद्यालये, स्वयंसेवी संस्था आणि वृत्तपत्रे या सर्वांपुढे चार अटी ठेवतो. अनेक उत्तरांच्या प्रत्येक तक्त्याखाली किती घरे आणि किती उत्तरे ते लिहा, आणि टक्के कशाचे तेही लिहा. 'यांपैकी काहीच नाही' ही चौकट प्रत्येक प्रश्नात ठेवा आणि तिचा आकडा सर्वांत आधी छापा. सर्वाधिक आढळणाऱ्या चार-पाच जोड्या स्वतंत्रपणे द्या. आणि सगळे स्रोत विचारल्यावर मुख्य स्रोत वेगळा विचारा. यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. पीएसपीपी आणि आर ही साधने मोफत आहेत आणि साध्या एक्सेलमध्येही हे सर्व जमते.

वाचकाला माझी विनंती याहून सोपी आहे. पुढच्या वेळी तुमच्या गावाविषयी 'इतके टक्के' असे छापून आले की विचारा: कशाचे टक्के? आणि ज्या घरांनी काहीच सांगितले नाही, ती कुठे गेली? हे दोन प्रश्न विचारणारे नागरिक वाढले, तर अहवाल लिहिणाऱ्यांना त्यांची उत्तरे द्यावीच लागतील.